ई-वार्तापत्र : मांडणी व वाचनीयता

एखादी संस्था, वृत्तपत्र, व्यवसाय वा व्यक्ती आपल्याकडे नाव नोंदविलेल्या वाचकांना ठराविक कालांतराने ई-मेलद्वारे जो संपादित मजकूर पाठविते, त्यास ई-वार्तापत्र म्हणतात. खाजगी पत्र व छापील नियतकालिक या दोहोंचे काही गुण त्यात एकत्र आलेले असतात. पत्राप्रमाणे ते वाचकाच्या नावाने त्याच्या इनबॉक्समध्ये येते आणि नियतकालिकाप्रमाणे त्यास अंक, सदरे व संपादक असतात. मांडणीच्या दृष्टीने मात्र ते दोहोंहून वेगळे आहे. छापील अंक मुद्रकाने जसा छापला तसाच वाचकाच्या हाती पडतो. ई-वार्तापत्राचे पान मात्र प्रेषकाकडे तयार होत नाही. प्रेषक केवळ मजकूर व मांडणीच्या सूचना पाठवितो आणि प्रत्यक्ष पान वाचकाच्या यंत्रावर नव्याने जुळविले जाते. या जुळवणीवर प्रेषकाचे पूर्ण नियंत्रण नसते. ई-वार्तापत्राच्या मांडणीचे बहुतेक नियम या एका वस्तुस्थितीतून निघालेले आहेत.

पूर्वपीठिका : नियमित बातमीपत्रे पाठविण्याची प्रथा मुद्रणाहून स्वतंत्र व जुनी आहे. आउग्झबुर्ग येथील फुगर या सावकारी घराण्याकडे यूरोपभरातून आलेली हस्तलिखित बातमीपत्रे (१५६८–१६०५) प्रसिद्ध आहेत. पेशवाईच्या काळात निरनिराळ्या दरबारांतील वकील व अखबारनवीस आपल्या धन्यांना अशाच प्रकारे नियमित वृत्त कळवीत असत. अमेरिकेत वॉशिंग्टनहून १९२३ मध्ये सुरू झालेल्या किपलिंगर यांच्या वार्तापत्राने आधुनिक वार्तापत्राची धाटणी रूढ केली. टंकलिखित पत्राचे साधे रूप, त्रोटक वाक्ये व महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ एवढ्याच साधनांनी ते वाचनीय केलेले असे. सजावटीपेक्षा मजकुराची निवड व क्रम महत्त्वाचा, हा त्याचा धडा ई-वार्तापत्रालाही लागू पडतो.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये आर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला, तेव्हापासून आजच्या ई-मेलचा प्रारंभ मानतात. एकच संदेश अनेकांना न विचारता पाठविण्याचा पहिला गाजलेला प्रयोग ३ मे १९७८ रोजी झाला. एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना धाडले. पत्त्यांची यादी तिच्या ठराविक जागेत न मावल्याने ती मजकुराच्या जागेत ओसंडली. खालचा मजकूरही आद्योपांत मोठ्या रोमन लिपीत होता. या संदेशाविरुद्ध तक्रारी झाल्या. त्या मुख्यतः आगंतुकपणाबद्दल होत्या. पण वाईट मांडणीचा नमुना म्हणूनही हा संदेश लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ई-मेलच्या वहनाचा एसएमटीपी हा संकेत १९८२ मध्ये निश्चित झाला. तो केवळ सात-बिटी अक्षरांसाठी, म्हणजे प्रायः इंग्रजीसाठी होता. चित्रे, इतर लिपी व आकारयुक्त मजकूर पाठविण्याची सोय १९९२ मध्ये माइम या संकेतामुळे झाली. त्यानंतर वेबपृष्ठांची एचटीएमएल ही भाषा ई-मेलमध्येही वापरली जाऊ लागली आणि रंग, स्तंभ व चित्रे असलेली वार्तापत्रे निघू लागली.

मराठी वार्तापत्राची विशेष अडचण : युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता, तथापि सामान्य संगणकावर युनिकोड देवनागरी सुलभ होण्यास विंडोज २००० व तिच्यातील मंगल हा फाँट येईपर्यंत वाट पाहावी लागली. दरम्यानच्या काळात मराठी मजकूर प्रत्येक फाँटच्या स्वतंत्र संकेतनात जुळविला जाई. तो फाँट वाचकाकडे नसेल, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गुंता दिसे. यावर तोडगा म्हणून मजकुराचे संपूर्ण पान चित्र करून पाठविण्याची सवय लागली. महाराष्ट्रातील संस्था, वाचनालये, गृहनिर्माण संस्था, तसेच परदेशांतील महाराष्ट्र मंडळे यांनी ती उचलली. मूळ अडचण दूर झाल्यावरही ती टिकून आहे. कारण अनेक कार्यालयांत जुन्याच फाँटमध्ये मजकूर जुळविला जातो आणि त्याचे चित्र करणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी ई-वार्तापत्राचा हा सर्वांत मोठा दोष आहे. चित्रातील मजकूर स्क्रीन रीडर ही वाचक-प्रणाली वाचू शकत नाही; म्हणजे दृष्टिहीन सभासदाला ते पत्र कोरेच मिळते. मोबाइलच्या पडद्यावर ए-४ आकाराचे पान अंगठ्याएवढे होते व दोन बोटांनी मोठे करून इकडेतिकडे सरकवीत वाचावे लागते. त्यातील शब्द शोधता येत नाहीत, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक उतरवून घेता येत नाही. काही ई-मेल प्रणाली वाचकाने परवानगी दिल्याखेरीज चित्रे दाखवीतच नाहीत. अशा वेळी वार्षिक सभेची तारीख चित्रात असेल, तर वाचकापुढे केवळ एक रिकामी चौकट येते. मजकूर हा मजकूर म्हणूनच, युनिकोडमध्ये पाठविणे ही म्हणून मराठी वार्तापत्राची पहिली अट होय. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात.

पानाची रचना : ई-मेल दाखविणाऱ्या प्रणाली अनेक आहेत आणि एकाच सूचनेचा अर्थ प्रत्येक प्रणाली वेगळा लावते. मायक्रोसॉफ्टच्या आऊटलुक २००७ मध्ये ई-मेल दाखविण्याचे काम वेब-प्रणालीकडून काढून वर्ड या लेखन-प्रणालीच्या यंत्रणेकडे देण्यात आले. परिणामी वेबवर सर्रास चालणाऱ्या अनेक रचना तेथे मोडू लागल्या. जीमेलने रुंदीनुसार मांडणी बदलण्याच्या सूचना २०१६ मध्ये मान्य केल्या. या कारणांनी वार्तापत्राचा सांगाडा वेबवर कालबाह्य ठरलेल्या कोष्टकांच्या पद्धतीने बांधण्याची आणि आकार-रंगाच्या सूचना प्रत्येक घटकाशेजारी लिहिण्याची प्रथा ई-मेलमध्ये दीर्घकाळ टिकली. वाचकास हे सारे अदृश्य असते. परंतु मांडणीकाराने किती धीटपणा करावा याची मर्यादा त्यातून ठरते.

पानाची रुंदी सु. ६०० पिक्सेल ठेवण्याचा प्रघात आहे. मोबाइलवर एवढी रुंदी नसल्याने दोन वा तीन स्तंभांची रचना तेथे दाटते किंवा विस्कटते. एकच स्तंभ, वरून खाली सरळ वाचत जाता येईल असा, ही सर्वांत निर्धोक रचना होय. वृत्तपत्राच्या पहिल्या पानाचे अनुकरण करण्याचा मोह अनेकांना होतो, पण वृत्तपत्राचे पान एका दृष्टिक्षेपात दिसते व ई-वार्तापत्र खिडकीतून मिरवणूक पाहावी तसे तुकड्यातुकड्यांनी दिसते. म्हणून काय आधी यावे याचा निर्णय मांडणीचा नसून संपादनाचा आहे. मस्तकपट्टी उंच ठेवून तीत बोधचिन्ह, घोषवाक्य व पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे घातल्यास मोबाइलचा पहिला पडदा त्यातच संपतो व बातमी दिसतच नाही. संस्थेचे नाव व अंकाची तारीख एका ओळीत आटोपून लगेच मुख्य बातमीस आरंभ करणे इष्ट.

लांबीलाही मर्यादा आहे. जीमेल सु. १०२ किलोबाइटांपेक्षा मोठे पत्र कापून दाखविते व उरलेला भाग पाहण्यासाठी स्वतंत्र लिंक देते. यूटीएफ-८ या संकेतनात रोमन अक्षरास एक, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात; शिवाय मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे अठरा बाइटांचा आहे. सांगाड्याच्या सूचना वेगळ्या. साहजिकच मराठी वार्तापत्र तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी वार्तापत्रापेक्षा लवकर मर्यादा गाठते आणि कापला जाणारा भाग शेवटचा असल्याने नोंदणी रद्द करण्याची सोय व संस्थेचा पत्ता नेमके हेच दृष्टिआड होतात.

अक्षरमांडणी : या बाबतीत इंग्रजी मार्गदर्शिकांतील नियम मराठीस जसेच्या तसे लावता येत नाहीत. देवनागरी अक्षराच्या शिरोरेघेवर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार चढतात. खाली उकार व जोडाक्षरांचे भाग उतरतात. ओळींमधील अंतर रोमनप्रमाणे ठेवल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रांना भिडतात. अक्षराच्या मापाच्या १·६ ते १·८ पट अंतर ठेवल्यास ओळी मोकळ्या दिसतात. अक्षराचे मापही थोडे मोठे लागते. कारण ‘क्ष्म’, ‘ष्ट्य’, ‘द्ध्य’ यांसारख्या जोडाक्षरांतील अवयव लहान मापात एकमेकांत मिसळतात. मोबाइलवरील मुख्य मजकुरासाठी १७ ते १८ पिक्सेल हे माप सोयीचे ठरते.

इंग्रजीत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडून ते डौलदार करण्याची रीत आहे. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. मोठी व लहान लिपी हा भेद देवनागरीत नाही व तिरपी अक्षरे तिच्या वळणाला मानवत नाहीत. यंत्राने ओढून तिरपी केलेली अक्षरे कललेल्या पाटीसारखी दिसतात. ठसविण्यासाठी उरतात ती साधने दोन : अक्षराचे माप व ठळकपणा. ठळकपणाचा वापर शीर्षकांपुरता व परिच्छेदातील एखाद्या तारखेपुरता ठेवावा, कारण संपूर्ण परिच्छेद ठळक केल्यास अक्षरांतील पोकळ्या भरून जातात. उकारांना छेदून जाणारी अधोरेघ हीही देवनागरीची एक अडचण आहे. लिंक ओळखू येण्यासाठी ती आवश्यक असल्याने काढून टाकणे योग्य नव्हे, परंतु संपूर्ण वाक्याखाली न देता दोनतीन शब्दांखाली द्यावी.

दोन्ही कडा सारख्या करण्याची छापील पुस्तकातील पद्धत येथे टाळणे बरे. मराठी शब्द प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लांबतात (उदा., ‘ग्रंथालयांमधील’, ‘सभासदांपर्यंतसुद्धा’) आणि मोबाइलच्या अरुंद ओळीत असे मोजकेच शब्द मावतात. कडा सारख्या करू पाहिल्यास उरलेल्या शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. छापखान्यातील जुळारी अशा ओळी हाताने सावरीत असे. ई-मेलमध्ये तसे करणारा कोणी नसतो. डावी कड सरळ व उजवी मोकळी ठेवल्यास शब्दांतील अंतर सर्वत्र सारखे राहते.

फाँटची निवड करताना वाचकाच्या यंत्रावर कोणता फाँट असेल याचा विचार करावा लागतो. विंडोजवर निर्मला वा मंगल, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी असे फाँट आढळतात. प्रेषकाने निवडलेला वेगळा फाँट जाळ्यावरून उतरवून घेण्याची सोय ॲपलच्या मेलमध्ये चालते. जीमेलमध्ये सर्वसाधारणपणे चालत नाही. म्हणून मांडणी अशी असावी, की फाँट बदलला तरी ती मोडू नये. चौकटींची उंची ठराविक करून ठेवल्यास रुंद वळणाच्या फाँटमध्ये शेवटची ओळ चौकटीबाहेर जाते.

मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण (‘एमआर’ हा भाषा-संकेत) सांगाड्यात घातल्यास दोन लाभ होतात. ज्या फाँटमध्ये सोय आहे तेथे पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणाची रूपे दिसतात; आणि स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतात. पत्राच्या अगदी बाहेरच्या आवरणातील खुणा काही प्रणाली गाळून टाकत असल्याने ही खूण आतल्या मजकुराच्या घटकावरही द्यावी.

रंग व चित्रे : वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सामान्य अक्षरांसाठी किमान ४·५ : १ व मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे. पांढऱ्यावर फिका करडा रंग शोभिवंत दिसतो, पण या कसोटीस बहुधा उतरत नाही. उन्हात बसथांब्यावर मोबाइल पाहणाऱ्यास तर तो दिसतच नाही. केशरीवर पिवळी अक्षरे ही सणासुदीच्या अंकांतील आवडती जोडीही तशीच. रंग उलटून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखविण्याची सोय (डार्क मोड) अनेक वाचक वापरतात. तेथे पारदर्शक पार्श्वभूमीवरील काळे बोधचिन्ह नाहीसे होते. त्यास पांढरी कड दिल्यास ते दोन्हीकडे टिकते.

प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर जोडावा. चित्र न दिसल्यास तो त्याच्या जागी दिसतो व दृष्टिहीन वाचकास ऐकू येतो. ‘छायाचित्र १’ हा पर्यायी मजकूर नव्हे. ‘नव्या अभ्यासिकेत वाचत बसलेले विद्यार्थी’ हा होय. केवळ शोभेच्या रेघा-नक्षीसाठी तो रिकामा ठेवतात, म्हणजे वाचक-प्रणाली तेथे अडखळत नाही.

विषयओळ व लिंक : पत्र उघडावे की नाही हे वाचक प्रेषकाचे नाव, विषयओळ व तिच्यापुढे फिक्या अक्षरांत दिसणारी मजकुराची सुरुवात या तीन गोष्टींवरून ठरवितो. मोबाइलवर विषयओळीचा प्रारंभच दिसत असल्याने मुख्य शब्द आधी यावा. ‘आमच्या संस्थेच्या मासिक वार्तापत्राचा जून महिन्याचा अंक’ या ओळीत वाचकाला हवे असलेले काहीच नाही. ‘पाणीपट्टीची नवी मुदत, अभ्यासिकेची वेळ’ यात आहे. मजकुराची सुरुवात ‘हे पत्र नीट दिसत नसल्यास’ अशा सूचनेने केल्यास ती मोलाची जागा वाया जाते. विषयओळीतील देवनागरी वहनासाठी लहान तुकड्यांत संकेतबद्ध होते. निकृष्ट प्रणाली हे तुकडे अक्षराच्या मधोमध तोडतात व तेथे प्रश्नचिन्हांकित चौकोन उमटतो. पाठविण्यापूर्वी दोनतीन वेगवेगळ्या यंत्रांवर चाचणी-प्रत पाहणे एवढ्यासाठीही आवश्यक आहे.

लिंकचे शब्द स्वयंपूर्ण असावेत. स्क्रीन रीडर वापरणारे अनेक वाचक पत्रातील केवळ लिंकांची यादी ऐकतात. तीत ‘येथे क्लिक करा’ सात वेळा ऐकून काही बोध होत नाही. बटणे बोटाने दाबली जातात हे ध्यानात घेऊन ॲपलने ४४ व गूगलने ४८ एककांचे किमान माप सुचविले आहे. बटण चित्र म्हणून न घालता रंगीत कोष्टकात मजकूर घालून करावे. आकारयुक्त पत्रासोबत साध्या मजकुराची प्रतही त्याच पत्रात जोडता येते. ती यंत्राने आपोआप केलेली न ठेवता एकदा वाचून पाहावी. साध्या मजकुरात ज्या अंकाचा अर्थ लागत नाही, त्याची मांडणी सजावटीच्या आधाराने उभी आहे असे समजावे.

संमती व मापन : वाचनीयतेचा विचार पत्राच्या तळाशी असलेल्या ‘नोंदणी रद्द करा’ या ओळीपर्यंत पोहोचतो. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने व्यावसायिक ई-मेलमध्ये प्रेषकाचा टपाली पत्ता देणे आणि नकार कळविल्यापासून दहा कामकाजी दिवसांत पत्रे थांबविणे बंधनकारक केले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, तसेच संमतीची विनंती इंग्रजीत वा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, अशी तरतूद आहे. मराठी पत्राच्या तळाशी ही एकच ओळ बारीक इंग्रजीत टाकण्याची चाल म्हणूनच आक्षेपार्ह होय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रेषकांवर नव्या अटी लागू करण्यास प्रारंभ केला. गूगलच्या व्याख्येत रोज ५,००० वा अधिक पत्रे पाठविणारे असे प्रेषक येतात. प्रेषकाची ओळख पटविणे, प्रचारपर पत्रांत एका क्लिकने नोंदणी रद्द करण्याची सोय देणे आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०·३ टक्क्यांखाली राखणे या त्यांतील प्रमुख अटी होत. बाहेर पडण्याची वाट न सापडलेला वाचक पत्रावर स्पॅमचा शिक्का मारतो व त्याचा फटका इतर वाचकांपर्यंत पोहोचणाऱ्या पत्रांनाही बसतो.

किती वाचकांनी पत्र उघडले हे मोजण्यासाठी त्यात एक अदृश्य चित्र घालतात; ते मागविले गेले की पत्र उघडल्याची नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल-प्रणालीत ही चित्रे वाचकाने पत्र उघडण्याची वाट न पाहता परस्पर उतरवून घेण्याची सोय आणली. तेव्हापासून हे आकडे फुगलेले असतात. लिंक किती जणांनी वापरली व किती जणांनी उत्तर पाठविले ही मापे त्यांहून विश्वसनीय आहेत. उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून वार्तापत्र पाठविण्याची पद्धत यामुळेच गैरसोयीची ठरते. लहान संस्थेच्या बाबतीत अक्षर लहान दिसते, तारीख सापडली नाही, चित्र उघडले नाही, अशा वाचकांच्या तक्रारी हीच मांडणीच्या सुधारणेची मुख्य सामग्री असते व ती अशा पत्त्यावर येऊ शकत नाही.